वीसपैकी एकोणीस

बसा रे बाळांनो, मांडी घालून बसा. चुळबुळ करायची नाही. ही गोष्ट परीक्षेला आहे असं समजून ऐका, म्हणजे कळली नाही तरी चालेल.

जंगल होतं एक. दाट होतं, हिरवं होतं आणि मुख्य म्हणजे सुशिक्षित होतं.

ह्या जंगलात पूर्वी एक साळिंदर राहून गेलं. त्याला सगळे सायाळबुवा म्हणायचे. अंगावरचाच एखादा काटा उपटायचा, जांभळाच्या रसात बुडवायचा आणि लिहीत बसायचं, असा बुवांचा क्रम होता. आयुष्यभर लिहून त्यांनी एकच कादंबरी पुरी केली. तिचं नाव 'तिसरा डोह'.

गोष्ट साधी होती. एक म्हातारी पाणमांजर असते. दोन डोह सोडून ती तिसऱ्या डोहाकाठी येऊन राहिलेली असते. हाही डोह आटत जातो. शेजारीपाजारी एकेक करून निघून जातात. शेवटी तीही निघते. बिळाच्या तोंडाशी एक दगड लावते आणि चालू लागते. मागे वळून पाहत नाही. कादंबरी संपली.

बुवा जिवंत होते तोवर ती कोणी वाचली नाही. ते गेल्यावर पंचवीस वर्षांनी ती थोर ठरली. त्यामुळे एक पंचाईत झाली. 'बुवा, तुम्हाला नक्की काय म्हणायचं होतं?' हे विचारायला बुवाच उरले नव्हते. पण जंगलात विद्वान भरपूर होते. ते म्हणाले, बुवा नाहीत तेच बरं आहे, असते तर मधे मधे बोलले असते.

पुढे एकदा राजेसाहेबांना ह्या कादंबरीवरच्या भाषणाला नेऊन बसवलं. राजेसाहेब म्हणजे सिंह. भाषण अडीच तास चाललं. राजेसाहेब पाचव्या मिनिटाला झोपले. टाळ्यांच्या आवाजानं जागे झाले, तर सगळी सभा त्यांच्याकडे बघत होती. काहीतरी बोलणं भाग होतं.

"हे प्रत्येकाला आलंच पाहिजे," राजेसाहेब म्हणाले आणि जेवायला गेले.

झालं. त्या वर्षापासून जंगलात रानवाङ्मय परीक्षा सुरू झाली. कुठलीही नोकरी हवी तर आधी ही परीक्षा. पायवाटा साफ करणाऱ्यांना ही परीक्षा. मोहोळांची राखण करणाऱ्यांना ही परीक्षा. मेलेली जनावरं खाऊन संपवणाऱ्या गिधाडांनासुद्धा हीच परीक्षा. ती पास होईपर्यंत मेलेली जनावरं तशीच पडून राहायची.

पेपरात प्रश्न एकच. वीस गुणांचा. 'पाणमांजरीने मागे वळून का पाहिले नाही? लेखकाचा हेतू विशद करा.' एका वर्षी बदल म्हणून 'विशद करा'च्या जागी 'स्पष्ट करा' आलं. त्या वर्षी पेपर फार अवघड गेल्याची तक्रार झाली होती.

परीक्षा मंडळाचे प्रमुख होते घोरपडसर. घोरपड कुठे एकदा चिकटली की सुटत नाही हे तुम्हाला माहीत असेल. सर तीस वर्षांपूर्वी 'तिसरा डोह'ला चिकटले होते. त्यांनी त्यावर एक मार्गदर्शक पुस्तक लिहिलं होतं, 'हेतुप्रकाश'. त्यात लेखकाचे तीन हेतू दिले होते. पहिला प्रतीकात्मक, दुसरा सामाजिक, तिसरा अस्तित्वविषयक. प्रत्येक हेतूचे चार मुद्दे. शेवटी 'थोडक्यात' असं लिहून तेच पुन्हा एकदा.

पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत छपाईची एक चूक झाली होती. 'जीवनाची क्षणभंगुरता' असं हवं होतं, तिथे 'जीवनाची क्षणभंगारता' छापलं गेलं. सगळे तसंच पाठ करायचे. पुढे ते इतकं रुळलं, की कोणी 'क्षणभंगुरता' लिहिलं तर अर्धा गुण कापत.

आता आपण मुंगूसबाईंकडे येऊ. मुंगूसबाई बावीस वर्षं 'तिसरा डोह' शिकवत होत्या आणि त्याचे पेपर तपासत होत्या. बाई प्रामाणिक होत्या, वक्तशीर होत्या. नोकरीतून मोकळं व्हायला दोनच वर्षं उरली होती. वारुळाच्या टेकाडावर त्यांना मंडळाचं बीळ मिळालेलं होतं. तिथे त्या आणि मुंगूसराव राहायचे. मुंगूसरावांना डोळ्यांनी कमी दिसायचं, पण स्वभावानं ते समाधानी होते.

त्या वर्षी बाईंच्या वाट्याला तीनशे बारा उत्तरपत्रिका आल्या. उन्हाळ्याचे दिवस. करंजाच्या सावलीत गठ्ठा घेऊन बाई बसल्या होत्या. 'पाणमांजर ही केवळ पाणमांजर नसून...' अशीच सगळ्यांची सुरुवात. बाईंना वाचायची गरजच पडत नसे. त्या अधोरेखित केलेल्या ओळी मोजायच्या, 'क्षणभंगारता' आहे का बघायच्या आणि गुण द्यायच्या. नऊ. दहा. साडेनऊ. फार झालं तर चौदा. चौदाच्या वर आजवर कोणी गेलं नव्हतं, कारण भाषेत इतके गुण देत नाहीत. का देत नाहीत ते विचारू नका, मला पण कोणी दिले नव्हते.

दोनशे सत्तरावी उत्तरपत्रिका उघडली आणि बाई थांबल्या. आठच ओळी होत्या. कुठेही अधोरेखन नव्हतं.

'पाणमांजरीने मागे वळून पाहिले नाही, कारण पाहिले असते तर तिचा पाय निघाला नसता. आमचा ओढा आटला तेव्हा मीही तशीच निघाले. माझे पाडस माझ्या पुढे चालत होते. ते सारखे मागे वळून बघत होते. म्हणून मला पुढे बघावे लागले. लेखकाचा हेतू काय होता ते मला माहीत नाही. त्यांची-माझी गाठ पडली नाही. पण त्यांनीही कधीतरी घर सोडले असणार.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग त्या उठल्या, बिळात गेल्या आणि फळीवरून 'तिसरा डोह' काढला. पंधरा वर्षांत त्यांनी तो उघडला नव्हता. शिकवायला 'हेतुप्रकाश' पुरत होतं. बाई उंबऱ्यातच बसल्या आणि शेवटचं प्रकरण वाचू लागल्या.

"कोण आहे? रडतंय कोण?" आतून मुंगूसराव म्हणाले.

"कोणी नाही. पेपर तपासतेय."

"इतके वाईट लिहिलेत?"

बाईंनी डोळे पुसले आणि त्या परत करंजाखाली आल्या. उत्तरपत्रिकेवर त्यांनी वीस लिहायचं ठरवलं होतं. पण वीस लिहायचं धाडस होईना. शेवटी समास सोडला नाही म्हणून एक गुण कापला आणि एकोणीस दिले.

ती उत्तरपत्रिका होती भेकरताईंची. बाईंना ते ठाऊक नव्हतं, कारण वर नुसता क्रमांक होता. तुम्हाला म्हणून सांगतो. भेकर म्हणजे लहानसं हरीण. त्याला वाघ-बिबट्याचा वास आला की ते कुत्र्यासारखं भुंकतं. ते भुंकलं की सगळं जंगल पळतं. भेकरताई चार वर्षांपूर्वी पूर्वेकडच्या दरीतून आपल्या मुलीला घेऊन इकडे आल्या होत्या. पाणवठ्यावर इशारेदाराची जागा रिकामी होती. बिबट्या दिसला की ओरडायचं, एवढंच काम. भेकरताई ह्या परीक्षेत तीनदा नापास झाल्या होत्या. ही चौथी वेळ.

निकाल लागला आणि जंगलात एकच गडबड उडाली. एकोणीस! भाषेत! घोरपडसरांनी बाईंना बोलावून घेतलं.

"मुंगूसबाई, हे काय आहे?"

"एकोणीस आहेत, सर."

"ते मला दिसतंय. का आहेत?"

"उत्तर चांगलं आहे, सर."

"चांगलं म्हणजे कुठल्या हेतूत बसतं? पहिल्या, दुसऱ्या की तिसऱ्या?"

बाईंनी विचार केला. "कुठल्याच नाही."

"मग एकोणीस कशाचे?"

"सर, मला ते आवडलं. वाचून डोळ्यांत पाणी आलं."

सरांनी नमुना उत्तर काढलं. वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. "पाण्याला गुण कुठे आहेत, दाखवा बरं मला."

पाण्याला गुण नव्हते.

मग चौकशी समिती नेमली गेली. समितीत घोरपडसर होते आणि आणखी दोन सभासद होते. समितीपुढे विषय होता: 'एकोणीस गुणांमागील परीक्षिकेचा हेतू'. तिघांनीही आठवडाभर अभ्यास करून एकेक निबंध लिहिला आणि बाईंना समोर बसवून वाचून दाखवला.

पहिला सभासद म्हणाला, एकोणीस ही संख्या पूर्णत्वाला एकानं कमी आहे. ह्यातून बाईंच्या आयुष्यातली अपूर्णता सूचित होते. दुसरा म्हणाला, मुंगूस आणि भेकर दोघंही पूर्वेकडचे, त्यामुळे हा पश्चिमेकडच्या प्राण्यांविरुद्धचा कट आहे. घोरपडसरांचा निबंध सगळ्यात खोल होता. ते म्हणाले, नोकरीतून मोकळं व्हायला दोन वर्षं राहिली, की आपण होतो ह्याची कोणी नोंद घेईल का, अशी भीती प्राण्याला ग्रासते. एकोणीस हा त्या भीतीचा हुंदका आहे.

ऐकता ऐकता बाईंना स्वतःविषयी बरीच नवी माहिती मिळाली.

"पण मला ते उत्तर आवडलं होतं," त्या म्हणाल्या. "एवढंच होतं, सर. खरंच."

घोरपडसर हसले. मायेनंच हसले. "बाई, करणाऱ्याला आपला हेतू कधी कळत नसतो. तो दुसऱ्यानं शोधायचा असतो. बावीस वर्षं हेच शिकवताय ना तुम्ही?"

बाईंनी मान हलवून हो म्हटलं. कारण त्या हेच शिकवत होत्या.

समितीनं निर्णय दिला. बाईंनी येत्या सोमवारपर्यंत स्वतःच्या हेतूवर निबंध लिहून द्यावा. निबंध समाधानकारक असल्यास नोकरी राहील. नसल्यास टेकाडावरचं बीळ रिकामं करून द्यावं.

बाई घरी आल्या. त्यांनी घडलेलं सगळं मुंगूसरावांना सांगितलं.

"मग लिहून टाक की," मुंगूसराव म्हणाले.

"काय लिहू? मला आवडलं म्हणून दिले. त्याचा निबंध कसा होणार?"

"अगं, हेतू तीनच असतात ना? तेच लिही. तिथे कोण वाचतंय?"

"आणि ती भेकर?"

मुंगूसरावांनी शेजारची भिंत चाचपली. "मला आता नवीन बिळात वाट सापडायची नाही," ते म्हणाले. "इथली पायरी न् पायरी पायाला ठाऊक आहे. बाकी तू बघ."

बाईंनी बघितलं. शनिवारचा सगळा दिवस त्या कोऱ्या पानाकडे बघत होत्या. रविवारी सकाळी त्यांनी 'हेतुप्रकाश' समोर ठेवलं. जिथे पाणमांजर होती तिथे मुंगूस लिहिलं. जिथे डोह होता तिथे उत्तरपत्रिका लिहिली. 'एकोणीस हे केवळ एकोणीस नसून...' अशी सुरुवात केली. तीन हेतू, बारा मुद्दे, थोडक्यात. 'क्षणभंगारता' लिहिताना लेखणी जराशी अडखळली. पण ते लिहून झाल्यावर बाकीचं भराभर लिहून झालं. दुपारच्या जेवणाआधी निबंध तयार होता.

समितीला तो फार आवडला. त्यांनी बाईंना वीसपैकी चौदा गुण दिले. नोकरी राहिली, बीळ राहिलं. फक्त भेकरताईंचे एकोणीस गुण सुधारून बाईंना सहा करावे लागले. पास व्हायला सात लागत.

निकाल बदलल्याचं कोणीतरी भेकरताईंना कळवायला हवं होतं. ते काम मंडळानं बाईंनाच दिलं.

भेकरताई डोंगरउतारावर गवत खात होत्या. निकाल लागला त्या दिवशी शेजाऱ्यांनी त्यांचं अभिनंदन केलं होतं. गळ्यातली रानफुलांची माळ सुकली तरी अजून तशीच होती.

"या बाई," त्या म्हणाल्या. "मीच येणार होते तुमच्याकडे. तुम्ही तपासलात म्हणे माझा पेपर."

"हो. भेकरताई, तुमचे गुण बदललेत."

"वीस झाले?"

बाईंनी जमिनीकडे बघितलं. "सहा."

भेकरताईंनी चघळायचं थांबवलं. बराच वेळ त्यांच्या तोंडात गवताची काडी तशीच राहिली.

"तुम्ही रडला होतात ना पण वाचून?" त्यांनी विचारलं. "सगळे म्हणतात. समितीच्या टिपणात आलंय."

"रडले होते."

"मग माझं चुकलं काय?"

मुंगूसबाईंना पुष्कळ बोलायचं होतं. ओठांपर्यंत आलंही होतं. पण टेकाडावरून मुंगूसरावांचं खाकरणं ऐकू येत होतं.

"तुम्ही समास सोडला नव्हता," बाई म्हणाल्या.

"असं होय," भेकरताई म्हणाल्या. त्यांचा विश्वास बसला. त्या बाईंना चांगलं समजत होत्या. "पुढच्या वेळी सोडते."

इशारेदाराची जागा शेकरूरावांना मिळाली. शेकरू म्हणजे झाडावरची मोठी खार. शेकरूरावांना चौदा गुण होते. अक्षर वळणदार होतं. पाणवठ्याकाठच्या अर्जुनाच्या झाडावर त्यांना उंच फांदी देण्यात आली. तिथून सगळं लख्ख दिसायचं.

पाऊस संपून ऊन पडू लागलं होतं. एका सकाळी पाणवठ्यावर ही गर्दी होती. चितळं होती, रानडुकरं होती, ससे होते. तेवढ्यात करवंदीच्या जाळीतून बिबट्या बाहेर आला.

शेकरूरावांना तो दिसला. सगळ्यांच्या आधी दिसला. त्यांनी लगेच पान पुढे ओढलं आणि लिहायला घेतलं. 'बिबट्या येत आहे, हे उघड आहे. परंतु तो का येत आहे?' पहिल्या हेतूत त्यांनी पिवळ्या रंगाचा विचार केला. दुसऱ्या हेतूत बिबट्यांच्या एकाकीपणाचा विचार केला. तिसऱ्या हेतूचा दुसरा मुद्दा लिहून होईस्तोवर बिबट्या पाण्यापासून वीस पावलांवर आला होता आणि पोट जमिनीला टेकवून बसला होता.

तेव्हा डोंगरउतारावरून आवाज आला. भॉक्! भॉक्! भॉक्!

भेकरताई भुंकत होत्या. जीव खाऊन भुंकत होत्या. पापणी लवायच्या आत पाणवठा रिकामा झाला. बिबट्या उभा राहिला. त्यानं इकडे तिकडे बघितलं, थोडं पाणी प्यायला आणि आल्या वाटेनं निघून गेला.

जंगलात आनंद झाला. शेकरूरावांचं टिपण सभेत वाचलं गेलं. त्यांनी शेवटी लिहिलं होतं, 'बिबट्याचा हेतू हिंसक असेलच असे नाही.' आणि खरोखरच बिबट्यानं कोणाला मारलं नव्हतं! शेकरूरावांचं आकलन अचूक ठरलं. त्यांचा सत्कार झाला.

भेकरताईंना समितीपुढे बोलावण्यात आलं. समितीतला एक सभासद दरम्यान आजारी पडला होता. त्याच्या जागी अनुभवी म्हणून मुंगूसबाईंना घेतलं होतं.

"तुम्ही भुंकलात?" घोरपडसरांनी विचारलं.

"हो साहेब."

"कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही. बिबट्या दिसला."

"तो शेकरूरावांनाही दिसला होता. ते भुंकले का?"

"शेकरू भुंकत नाही, साहेब."

"विषय बदलू नका. परीक्षेत नापास झाल्याचा राग होता ना तुमच्या मनात?"

"वाईट वाटलं होतं."

"लिहा," सर म्हणाले. "राग होता."

भेकरताईंनी मुंगूसबाईंकडे बघितलं. त्यांना वाटलं, ह्या आपल्याला ओळखतात, ह्या काहीतरी बोलतील. मुंगूसबाई टिपण लिहून घेत होत्या. खाली मान घालून लिहावं लागतं, म्हणून त्यांना समोरचं दिसत नव्हतं.

निर्णय झाला. नेमलेल्या इशारेदाराचा अपमान करण्याच्या हेतूनं भेकरताई भुंकल्या, सबब त्यांना तीन महिने भुंकण्यास मनाई. पुन्हा भुंकल्यास मुलीसह जंगलाबाहेर. खाली तीन सह्या हव्या होत्या. तिसरी मुंगूसबाईंची. सही करताना त्यांचा हात थरथरला. पण सही थरथरलेली असली तरी चालते.

आता गोष्ट थोडीच राहिली आहे. जांभया देऊ नका.

थंडी सुरू झाली. घोरपडसर रोज सकाळी पाणवठ्याजवळच्या सपाट खडकावर ऊन खात पडायचे. 'हेतुप्रकाश'ची आठवी आवृत्ती निघायची होती, तिचं काम ते तिथेच करायचे. एक दिवस बिबट्या पुन्हा आला. जंगलात अगदी शांतता होती. फांदीवर शेकरूराव लिहीत होते. बिबट्या सावकाश चालत खडकापर्यंत आला.

सरांचं शेपूट तेवढं मागे राहिलं. ते काही वेळ खडकावर हलत होतं.

दुसऱ्या दिवशी शोकसभा भरली. सगळं जंगल जमलं होतं. चर्चेचा मुद्दा आपोआपच पुढे आला, तो असा, की सर पळाले का नाहीत? घोरपड काही हळू पळत नाही. एक वक्ता म्हणाला, सरांनी मृत्यूचा स्वीकार केला होता. दुसरा म्हणाला, खडकाला चिकटून राहणं हा सरांचा व्यवस्थेला दिलेला नकार होता. श्रोते माना डोलवत होते.

मुंगूसबाईंचं नाव पुकारलं जाणार होतं. त्या बाजूला उभ्या होत्या. गर्दीतून वाट काढत भेकरताई त्यांच्याजवळ आल्या.

"बाई," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "मला वास आला होता. बिबट्या नाल्यात होता तेव्हापासूनच. अकरा दिवस राहिले होते मनाईचे. मी तोंड उघडलं होतं. मुलगी म्हणाली, आई, आता इथून कुठे जायचं आपण? मग मी तोंड मिटलं."

"हळू बोला," मुंगूसबाई म्हणाल्या.

"सर झोपले होते, बाई. म्हणून पळाले नाहीत. दुसरं काही नाही. तुम्ही सांगा ना सगळ्यांना. तुमचं ऐकतील."

तेवढ्यात नाव पुकारलं गेलं.

मुंगूसबाई उंचवट्यावर चढल्या. समोर सगळं जंगल बसलं होतं. पहिल्या रांगेत राजेसाहेब होते. त्यांच्या शेजारी परीक्षा मंडळाच्या प्रमुखाची खुर्ची रिकामी होती. दूर कडेला भेकरताई मान उंच करून उभ्या होत्या.

बाईंनी मान खाली घातली. लोकांना वाटलं, गहिवरल्या. खरंच थोड्या गहिवरल्या होत्या.

"सर पळाले नाहीत," त्या म्हणाल्या, "ह्यामागे मला त्यांचे तीन हेतू दिसतात."

मग त्या पाऊण तास बोलल्या. पुस्तक हातात न घेता बोलल्या. एकदाही अडखळल्या नाहीत. तिसऱ्या हेतूला तर ससे हमसून हमसून रडले. भाषण संपलं तेव्हा टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की झाडांवरची पाखरं उडाली. राजेसाहेबांनी स्वतः उठून बाईंचा हात धरला आणि त्यांना त्या रिकाम्या खुर्चीवर बसवलं.

भेकरताईंनी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. त्या बघत राहिल्या होत्या. मग शेजारचं रानडुक्कर आपल्याकडे वळून बघतंय असं त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी मुलीला जवळ ओढलं आणि त्याही टाळ्या वाजवू लागल्या.

तात्पर्य: चांगलं लिहिलेलं वाचून डोळ्यांत पाणी येणं हा एक विकार आहे. वेळीच लक्षात आला आणि घरच्यांची साथ असली, तर तो पूर्ण बरा होतो.